हुकलेला शुक्रवार: मज्जारज्जूची इजा, स्टेम सेलचं पॅकेज आणि दोन भाऊ

मे महिना म्हणजे मुंबईत एसी मेकॅनिकचा सीझन. मे २०२३ च्या मध्यावर मालाडच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या सज्जावर उभा राहून २६ वर्षांचा एक मुलगा आउटडोअर युनिटमध्ये गॅस भरत होता. तोल सावरायला त्याने युनिटच्या ब्रॅकेटवर हात टाकला. ब्रॅकेट गंजलेलं, ते भिंतीतूनच निघून आलं. खाली उभ्या रिक्षाच्या टपावर पाठ आपटून तो जमिनीवर पडला. कमरेला पट्टा नव्हता. हेल्परकडे दोरी होती, पण ती युनिट वर चढवायची.

मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. हा मुलगा तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे आला. त्याच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्याला इथे धाकटा म्हणते आणि ज्याने सगळी धावपळ केली त्या त्याच्या भावाला थोरला. आई गावाहून, संगमेश्वरहून आली होती.

नववा आणि दहावा डॉर्सल (छातीमागचा) मणका एकमेकांवरून सरकले होते. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका रुग्णालयात रॉड आणि स्क्रू टाकून ते जागेवर आणले. ऑपरेशन चांगलं झालं होतं. पण घरच्यांची समजूत अशी की ऑपरेशनमध्ये ‘नस जोडली’, आता ताकद यायची वाट बघायची. रॉड हाडाला धरतात. आतल्या मज्जारज्जूला ऑपरेशनने दाबातून मोकळं केलं एवढंच. तीन आठवड्यांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खोटंही कुणी बोललं नव्हतं. खुर्ची ओढून बसायला कुणाला वेळ नव्हता, इतकंच.

आमची तपासणी फार साधी असते. एक सेफ्टी पिन, थोडा कापूस, एक फॉर्म. छातीपासून खाली टोचत येते. “टोचतंय… टोचतंय…” बेंबीशी “बोथट लागतंय.” बेंबीच्या दोन बोटं खाली काहीच नाही. दोन्ही पायांचे दहा ठरावीक स्नायू, दहाही शून्य. आणि शेवटी ती तपासणी जिच्याबद्दल घरी कुणी बोलत नाही: हातमोजा घालून गुदद्वाराशी बोट, तिथला स्पर्श किंवा दाब कळतो का, आवळता येतं का. मज्जारज्जूचं सगळ्यात खालचं टोक तिथल्या कातडीशी बोलतं. तिथे काही पोचलं, तर वरून खाली एखादा तरी धागा शाबूत आहे. धाकटा छताकडे बघत म्हणाला, “काही कळत नाही मॅडम.” फॉर्मवर मी लिहिलं: डी-नाईन, म्हणजे संवेदना नवव्या डॉर्सल पातळीपर्यंतच धड; आणि एशिया ए. एशिया ही इजा मोजायची ए ते ई अशी श्रेणी, त्यातलं ए म्हणजे पूर्ण इजा.

चार मिनिटं

आता माझी चूक. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये थोरल्याने मोबाईल पुढे केला. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञांनी मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यात ‘डिजिटल पूल’ बांधून एका डच माणसाला चालतं केलं, ही बातमी तेव्हा ताजी होती आणि सगळ्या ग्रुपवर फिरत होती. तिच्या खालीच कुणीतरी मुंबईतल्या एका स्टेम सेल क्लिनिकचा नंबर टाकला होता. मला ओपीडी गाठायची होती. मी म्हटलं, “त्याचा काही उपयोग नाही, पैसे घालवू नका,” आणि चार मिनिटांत निघाले.

वाक्य बरोबर होतं. पण त्याचा परिणाम असा झाला की पाचव्या आठवड्यात आई आणि थोरला त्या क्लिनिकमध्ये जाऊन बसले. तिथे त्यांना तासभर दिला, चहा दिला. पडद्यावर निळी झालेली चेतापेशी आणि तिला चिकटणारे पिवळे गोळे दाखवले. आईला ‘मावशी’ म्हटलं. आमच्या विभागाने त्या कुटुंबाला तोवर जितकी मिनिटं दिली होती, त्याहून जास्त त्या एका दुपारी तिथे मिळाली. अशा जागा विकतात काय, हे मला तेव्हा नीट कळलं. इंजेक्शन नंतर येतं. आधी ऐकून घेणं विकलं जातं.

पॅकेज साडेतीन लाखांचं. कंबरेच्या हाडातून मज्जा काढायची, ‘पेशी वेगळ्या करायच्या’ आणि पाठीच्या खालच्या भागातून सुईने मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायच्या. अशी तीन इंजेक्शनं, मध्ये महिन्याची फट. पहिलं नवव्या आठवड्यातल्या शुक्रवारी. पैसे गावच्या वीस गुंठ्यांतून यायचे होते. सातबारा सामाईक, चुलत्याची सही बाकी, पण गिऱ्हाईकाने बयाणा देऊन ठेवला होता.

हे मला धाकट्यानेच सांगितलं, पॅरलल बारशी बसून दंड बैठकांसारखे पुश-अप मारता मारता. त्या संध्याकाळी ड्युटी संपल्यावर मी थोरल्याला थांबवलं. कँटीनमध्ये बसलो. चार मिनिटांच्या जागी यावेळी दीड तास गेला.

पँटच्या आतला कॅलिपर

त्याने क्लिनिकचा व्हिडिओ दाखवला. इंजेक्शनानंतर सहा महिन्यांनी एक तरुण वॉकर धरून चालतोय, मागे टाळ्या. मी व्हिडिओ थांबवला आणि ट्रॅकपँटवर बोट ठेवलं. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना कापडावर उभी कड उठली होती. लांब कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणाऱ्या पट्ट्या, गुडघ्याला लॉक. पाय गुडघ्यात वाकतच नव्हते. तो खांद्यांनी आणि पोटाने कंबर उचलून पाय पुढे फेकत होता. “हे तुझा भाऊ ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे शिकेल,” मी म्हटलं. (शिकला. पण त्याला ते आवडलं नाही, दहा पावलांत घामाघूम व्हायचा. व्हीलचेअर वेगाने जाते, असं त्याचं स्पष्ट मत आहे.)

मग त्याने मेकॅनिकच्या भावाला शोभेल असा प्रश्न विचारला. “वायर तुटली तर जोडता येते. बोटाची नस कापली तरी शिवतात. मग हीच का नाही?”

प्रश्न चांगला आहे आणि त्याचं निम्मं उत्तर त्याच्यातच आहे. बोटातली नस शिवली तर ती वाढते, साधारण दिवसाला एक मिलिमीटर. मज्जारज्जूतली वाढत नाही. तिथे वायर म्हणजे निर्जीव तांबं नसून मेंदूतल्या एका पेशीचा लांबलचक हात असतो. तो तुटला की तुटल्यापासून खालचा भाग मरतो आणि वरच्या टोकाला पुन्हा खालपर्यंत वाट काढावी लागते. अनेक वर्षं असं मानलं जायचं की त्या टोकाला वाढताच येत नाही. १९८१ मध्ये माँट्रियलच्या सॅम्युएल डेव्हिड आणि आल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायातल्या नसेचा तुकडा पुलासारखा लावला आणि टोकं त्या तुकड्यातून काही सेंटिमीटर वाढली. पूल संपला, पुन्हा मज्जारज्जू लागला, की थांबली. म्हणजे वाढायची धमक थोडीफार आहे, रस्ताच आडवतो. आडवणारे निदान दोन कळले आहेत. एक म्हणजे जखमेभोवती जमणारा व्रण आणि त्यातले साखरेची शेपटं असलेले प्रथिनांचे रेणू. दुसरं, चेतातंतूंवरच्या मायलिन आवरणातलं ‘नोगो-ए’ नावाचं प्रथिन, ज्यावर झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी आयुष्य घालवलं. २००२ मध्ये लंडनच्या गटाने उंदरांत एका विकराने त्या व्रणातल्या शेपट्या छाटल्या आणि पंजे सुधारले. पण उंदराला जे मिलिमीटरांत साधतं, त्याला माणसात कित्येक सेंटिमीटर लागतात, आणि पोचून नेमक्या पेशीला हात द्यावा लागतो.

“म्हणजे पिवळे गोळे चिकटले की झालं, असं नाही,” थोरला म्हणाला.

नाही. आणि क्लिनिक ज्या पेशी देतं, त्या अस्थिमज्जेतल्या पेशी चेतापेशी होऊन जागा भरतात असा पुरावा नाही. फार तर त्या सूज कमी करणारी, तगवणारी द्रव्यं सोडतात, असा संशोधकांचा अंदाज आहे.

जपानचं खरं, लोझानचंही खरं

इथे मला सावध राहावं लागलं. ‘सगळं थोतांड’ म्हटलं असतं तर ते पुन्हा कॉरिडॉरसारखंच झालं असतं, आणि खोटंही. जपानने २०१८ च्या डिसेंबरमध्ये रुग्णाच्याच अस्थिमज्जेच्या पेशी वाढवून शिरेतून द्यायच्या उपचाराला सशर्त मान्यता दिली. सापोरोच्या त्या अभ्यासात १३ रुग्ण होते आणि १२ जणांची एशिया श्रेणी निदान एका पायरीने सुधारली. ऐकायला जबरदस्त. अडचण अशी की तुलनेला दुसरा गट नव्हता आणि सगळे रुग्ण इजेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतले, म्हणजे ज्या काळात काही जण आपोआपही सुधारतात नेमके तेव्हाचे. जगभरच्या तज्ज्ञांनी यावरूनच टीका केली.

टोकियोच्या केओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो आणि मासाया नाकामुरा यांच्या गटाने २०२१ च्या डिसेंबरमध्ये आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी मागे नेऊन पुन्हा स्टेम सेलसारख्या केलेल्या) तयार केलेल्या सुमारे २० लाख पेशी पहिल्या रुग्णाच्या जखमेत सोडल्या. त्या चाचणीतही इजा होऊन दोन ते चार आठवडे झालेलेच रुग्ण. धाकटा तेव्हा सहाव्या आठवड्यात होता.

लोझानची गोष्ट वेगळीच. तिथे काही उगवलेलं नाही. बहुतेक इजांत मज्जारज्जू सुरीने कापल्यासारखा तुटत नाही, चेंगरतो, आणि कडेला थोडे धागे उरतात. खालच्या भागातलं चालण्याचं जाळं जिवंत असतं, पण झोपलेलं. मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड ठेवून त्याला विजेने जागं ठेवलं की उरलेल्या धाग्यांचा क्षीण आदेशही ऐकू जातो. अमेरिकेत लुइव्हिलच्या सुसान हार्केमा यांच्या गटाने २०११ मध्ये एका रुग्णाला असंच उभं केलं होतं. डच माणसाची इजा मानेतली होती, अपूर्ण होती, आणि त्याच्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. बातमीत टाळ्या दिसतात, सराव दिसत नाही.

आणि मग दुसरी बाजू, जी क्लिनिकच्या पडद्यावर कधीच येत नाही. बीजिंगमध्ये पैसे देऊन गर्भाच्या पेशी टोचून घेतलेल्या सात रुग्णांची बाहेरच्या तज्ज्ञांनी आधी-नंतर तपासणी केली आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले: पाच जणांना मेंदूज्वरासह गुंतागुंती, उपयोगी पडेल अशी सुधारणा कुणातच नाही. २०१४ मध्ये एका अमेरिकी तरुणीची नोंद छापून आली. आठ वर्षांपूर्वी तिच्या पाठीत नाकातल्या अस्तराच्या पेशी बसवल्या होत्या. पाठ दुखू लागली म्हणून उघडलं, तर मज्जारज्जूला चिकटून नाकासारखंच ऊतक वाढलेलं आणि त्यात शेंबडासारखा स्राव साचलेला. थोरल्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

कोण कुणाला पैसे देतं

विज्ञान त्याला पटलं की नाही, ठाऊक नाही. पण एक गोष्ट त्याच्या व्यवहारी डोक्यात लगेच बसली. खऱ्या चाचणीत रुग्ण पैसे देत नाही. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आपल्याकडे स्टेम सेल हा मान्य उपचार आहे तो रक्ताच्या आणि तशा मोजक्या आजारांतल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणापुरता. बाकी सगळं प्रायोगिक, फक्त मंजूर चाचणीत, आणि त्याची जाहिरातही करायची नाही. चाचणी असेल तर नैतिक समितीची मंजुरी लागते, २०१९ च्या नियमांप्रमाणे इजा झाल्यास उपचार आणि भरपाई चाचणी करणाऱ्याने द्यायची असते, आणि २००९ पासून सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिची नोंद सक्तीची आहे. तो नंबर कुणीही मोबाईलवर टाकून बघू शकतो.

मी त्याला क्लिनिकला तीनच प्रश्न विचारायला सांगितले: सीटीआरआय नंबर काय, समिती कुठली, आणि काही बिघडलं तर खर्च कुणाचा. उत्तर कागदावर मागा म्हटलं. उत्तर फोनवर आलं: “हे रिसर्च नाही, ट्रीटमेंट आहे, म्हणून नंबर लागत नाही.” दोन दिवसांनी तो संमतीपत्र घेऊन आला. इंग्रजी, सहा पानं. चौथ्या पानावर हा उपचार प्रायोगिक असल्याचं मान्य, पाचव्यावर कुठल्याही परिणामाची हमी नाही, सहाव्यावर भरलेली रक्कम परत मिळणार नाही. म्हणजे फोनवर ट्रीटमेंट आणि कागदावर प्रयोग. मी ती तीन वाक्यं पेन्सिलीने मराठीत लिहून दिली.

आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्यामुळे धाकटा पहिल्यांदा खरोखर विचारात पडला. आज असं इंजेक्शन घेतलं, तर उद्या खऱ्या चाचणीचं दार बंद होऊ शकतं. आधी पेशी टोचून घेतलेल्यांना बऱ्याच चाचण्या घेत नाहीत; सुधारणा कशाने झाली ते कळणार कसं?

तरी तारीख रद्द झाली नाही. आईचं म्हणणं एकच: “बाय, जमीन काय, परत घेता येईल. पोराला ‘तेव्हा का नाही केलंस’ असं वाटायला नको.” या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्यातच सातव्या आठवड्यात आई मुलाच्या पायाला तेल लावत असताना पाय टुणकन उडाला आणि त्या “हलला! हलला!” करत वॉर्डभर धावल्या. मज्जारज्जूचा सुरुवातीचा धक्का ओसरला की खालच्या प्रतिक्षिप्त क्रिया परत येतात, बेलगाम येतात. त्याला स्पॅझम म्हणतात. पाय त्याच्या मनाने हलला नव्हता. हे त्यांना सांगणं त्या वर्षातलं माझं सगळ्यात नकोसं काम होतं.

शुक्रवार

नवव्या आठवड्याच्या मंगळवारी धाकट्याला थंडी वाजून १०३ ताप भरला. लघवीत जंतुसंसर्ग. तो दर चार ते सहा तासांनी स्वतः कॅथेटर घालायला शिकत होता, पण पाहुणे आले की लाजून वेळ टाळायचा. मूत्राशय तुडुंब भरून राहायचं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. क्लिनिकने साहजिकच शुक्रवार पुढे ढकलला.

त्यानंतरच्या सोमवारी, दहाव्या आठवड्यात, मी ठरलेली फेरतपासणी केली. बेंबीखाली सेफ्टी पिन तशीच मुकी. पाय शून्य. शेवटच्या तपासणीला तो नेहमीसारखा छताकडे बघत होता, आणि मग बघायचा थांबला.

“मॅडम, दाब कळतोय.”

तीन वेळा केली. मध्ये दोनदा न दाबता विचारलं. पाचही वेळा त्याचं उत्तर बरोबर आलं. दुपारी डॉक्टरांनी स्वतंत्र तपासलं, तेच. फॉर्मवरचा ए खोडला, बी लिहिलं. पूर्ण इजेचे असे काही रुग्ण पहिल्या वर्षात आपोआप पायरी चढतात. पाठीच्या इजांत ते पाचातल्या एकाहूनही कमी असतात, पण असतात.

हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते या सोमवारमुळे. ताप आला नसता तर शुक्रवारी इंजेक्शन झालं असतं, आणि तीन दिवसांनी आलेली ही संवेदना त्याच्या खात्यात जमा झाली असती. घरच्यांनी शपथेवर सांगितलं असतं. क्लिनिकने व्हिडिओ केला असता. खरं सांगायचं तर पुरावे माहीत असूनही माझ्या मनात पाल चुकचुकली असती. सापोरोच्या १३ जणांना तुलनेचा गट का हवा होता, ते एरवी विद्यार्थ्यांना शिकवताना मला फळाभर आकडे लिहावे लागतात. इथे एका मूत्रसंसर्गाने ते काम केलं.

मला वाटलं, आता तरी थोरला थांबेल. तो म्हणाला, “मॅडम, न देता एवढं आलं, तर दिल्यावर किती येईल?”

मी हसले, मग गप्प बसले. हे तर्कातलं भोक नव्हतं, भावाचं मन होतं. निर्णय शेवटी धाकट्याने घेतला, तोही माझ्या व्याख्यानामुळे नव्हे. त्या तापातच त्याच्या माकडहाडावर रुपयाएवढा बेडसोर पडला होता. ड्रेसिंग करताना सिस्टरने त्याला आरशात दाखवला. आपल्याच अंगावरची एवढी जखम आपल्याला कळली नाही, याने तो हादरला. म्हणाला, “आधी हे. इंजेक्शन नंतर बघू.” जखम भरायला सात आठवडे लागले. सुपरमॅन म्हणून जग ओळखतं तो ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडला, संशोधनासाठी त्याने आयुष्य वेचलं, आणि २००४ मध्ये तो गेला त्या आजारपणाची सुरुवात अशाच एका जखमेच्या संसर्गाने झाली होती. हे मी धाकट्याला तेव्हा सांगितलं नाही.

वीस गुंठ्यांचं काय झालं

जमिनीचा काही भाग गेलाच, पण गणपतीनंतर आणि वेगळ्या कामाला. कुरारमधली त्यांची खोली पोटमाळ्याची, गल्ली दोन फुटांची, संडास सार्वजनिक. तिथे व्हीलचेअर घरापर्यंतही पोचत नव्हती. आता ते नालासोपाऱ्याला तळमजल्यावर राहतात. न्हाणीचा उंबरठा फोडला आहे, कमोड बसवलाय, चांगली उशी असलेली व्हीलचेअर आहे. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड झालं. ठेकेदाराकडून कामगार नुकसानभरपाई मिळाली नाही. हजेरीपटावर नावच नव्हतं, वाद चालू आहे.

पाचव्या महिन्यात त्याच्या उजव्या मांडीत आपल्या इच्छेने एक लहर आली. बोट ठेवलं तर जाणवते, डोळ्यांना दिसत नाही. श्रेणी सी. तिने पाय उचलत नाही. त्यापुढे गेल्या दोन वर्षांत काही आलेलं नाही.

तो आता घरी बसून इन्व्हर्टर एसीचे पीसीबी (सर्किट बोर्ड) दुरुस्त करतो. थोरला ते स्टेशनवरून आणतो. मी गेले तेव्हा तो सोल्डरिंग करत होता. मोबाईलचा गजर झाला, त्याने गन स्टँडवर ठेवली, दोन्ही हातांवर अंग उचललं, तोंडाने पंधरा अंक मोजले, पुन्हा बसला आणि तोच सांधा पुढे चालू केला. दर वीस मिनिटांनी, दिवसभर. त्याच्या माकडहाडावर आता फक्त पांढरा डाग आहे.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मानेच्या इजेसाठी हातांना मदत करणारं, त्वचेवरून वीज देणारं उपकरण मंजूर झालं, तेव्हा त्याचा मेसेज आला: “हात माझे ठीकच आहेत, पायाचं कधी?” २०२५ च्या मार्चमध्ये केओच्या चार रुग्णांचे निकाल जाहीर झाले. चौघांनाही गंभीर त्रास नाही, दोघांत सुधारणा, एक जण आधाराशिवाय उभा राहू लागलेला. ती बातमी त्याने माझ्या आधी वाचली होती. “चारच आहेत,” त्याने लिहिलं, “आणि तुलनेला कोणी नाही ना?”

दर महिन्याच्या एक तारखेला तो सीटीआरआयच्या साइटवर शोध घेतो आणि काही सापडलं की स्क्रीनशॉट पाठवतो. मागच्या वेळी एका ओळीभोवती लाल गोल होता, इजेला एक वर्ष उलटलेले रुग्ण चालतील असं सांगणारी. खाली त्याने लिहिलं होतं, “यात मी बसतो का? पैसे ते देणार आहेत, बघितलं मी.”

मी यादी उघडून इजेची पातळी तपासायला घेतली.